मनीला मोकळं राहू द्या, पाहुण्यांना जाळीत ठेवा

प्रश्न : आम्ही नऊ वर्षं न्यू जर्सीत होतो. गेल्या महिन्यात गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत कायमचे परत आलो, सोबत दोन मांजरं घेऊन. बोका पाच वर्षांचा, मांजरी तीन वर्षांची, दोघांची ऑपरेशनं झालेली. जन्मात कधी घराबाहेर पडलेली नाहीत. तिकडच्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणताना ‘घरातच ठेवू’ असं आम्ही लिहून दिलं होतं. इथे सासूबाई म्हणतात, ‘मांजर म्हणजे काय पोपट आहे कोंडून ठेवायला? मुक्या जिवाचे हाल करू नका.’ त्यांची मनी दिवसभर परसात असते, रात्री कुठे जाते कुणाला ठाऊक नाही. वर्षातून दोनदा व्यायते. पिल्लं जरा वाढली की कुणीतरी ती पोत्यात घालून बंदरावर सोडून येतं. नणंद लंडनला असते. तिचं मांजर दाराच्या झडपेतून ये-जा करतं, म्हणून तीही आईच्याच बाजूने. शिवाय घर कौलारू. कोंडायचं म्हटलं तरी कोंडता येईना. पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?
– एक सून

उत्तर : निकाल आधी सांगतो, कारणं मागून. न्यू जर्सीहून आलेल्या दोघांना मोकळं सोडू नका आणि मनीला कोंडू नका. एका घरात दोन नियम चालतात. मांजरांना त्यात काही वावगं वाटत नाही, समजूत काय ती माणसांची घालायची आहे.

सासूबाईंना ‘परदेशात असं करतात’ म्हणून सांगायला जाल तर पहिल्याच वाक्यात हराल, कारण नणंदबाई फोनवर आहेतच. आणि त्या खोटं बोलत नाहीत. इंग्लंडात बहुतेक मांजरं बाहेर हिंडतात. तिथे मांजरावर झडप घालणारा मोठा शिकारी प्राणी नाही, विषारी साप एकच आणि तोही क्वचित दिसणारा. मोकळं सोडायचं म्हणून तिथल्या लोकांनी बाकीची शिस्त पाळली आहे: मांजराचं ऑपरेशन करणं ही तिथे सर्रास गोष्ट आहे, आणि इंग्लंडात १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे. अमेरिकेत कोयोट आहेत, म्हणजे आपल्या कोल्ह्याचेच थोराड भाऊबंद. रस्ते रुंद, गाड्या वेगात. पक्षीप्रेमींचा रेटाही मोठा. म्हणून तुमच्याकडून तो कागद लिहून घेतला गेला. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात तर १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या आवाराबाहेर मोकळं सोडणं हा गुन्हाच आहे. तिथले छोटे प्राणी मांजरापुढे टिकत नाहीत.

अमेरिकेतही हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही. मिशिगनच्या एडवर्ड लोव यांनी १९४७ साली मांजराच्या शी-शूसाठी चिकणमातीचे दाणे पिशवीत भरून विकायला सुरुवात केली, तोवर तिथेही लोक राख-वाळूवर भागवायचे आणि घाणीला कंटाळून मांजराला बाहेर काढायचे. चोवीस तास घरात मांजर ठेवण्याची रीत त्या पिशवीनंतरच फोफावली. सासूबाईंना सांगायचं असेल तर हे सांगा, त्यांना हसू येईल.

आता त्यांची बाजू. कोकणात मांजर घराचं असतं, एका माणसाचं नव्हे. कणगीतलं भात, माळ्यावरचं बियाणं, सुकी मासळी यांची राखण हे त्याचं काम. उंदीर कमी तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती कमी, आणि तो हिशेब या पट्ट्यात पावसाळ्यात फार खरा आहे. अशा घरात माजघराच्या कोपऱ्यात मांजराच्या शौचाचं घमेलं ठेवायचं म्हणजे काय, हे तुम्ही एकदा त्यांच्या जागी बसून पाहा. त्यांचा विरोध निम्मा कोंडण्याला आणि निम्मा त्या घमेल्याला असण्याची शक्यता बरीच. (पोपटाबद्दल मात्र त्या चुकल्या. आपले रानातले पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण हे आत्ता बोलू नका.)

मनीला जे येतं ते तुमच्या दोघांना येत नाही, खरा मुद्दा तो. मनी आईच्या मागून हिंडत शिकली: चिऱ्याच्या गडग्यात कुठे हात घालायचा नाही, कुत्रं आलं की कुठल्या फणसावर चढायचं, तिन्हीसांजेला कुठल्या बाजूला जायचं नाही. पाच वर्षांचा फ्लॅटमधला बोका फुरशासारख्या विषारी सापासमोर थांबून वास घेईल. फुरसं लहान असतं, पालापाचोळ्यात दिसत नाही आणि पळून जाण्याऐवजी अंगाची वेटोळी घासत तिथेच बसतं. हलतं खेळणं पाहून पंजा मारणाऱ्या मांजराला याहून वाईट भेट नाही. त्यात संध्याकाळनंतर बिबट्या. आपल्याकडे त्याला सरळ वाघच म्हणतात, आणि तो वाडीत येतो तो कुत्री, कोंबड्या नि मांजरांसाठीच. कोंबड्यांच्या खुराड्याशी येणारा अजगर वेगळा. शिवाय गावातले बोके. त्यांच्या चाव्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते, दोन-चार दिवसांनी तिथे लिंबाएवढं गळू होतं. मांजरांच्या एड्ससारख्या रोगाचे विषाणूही अशाच चाव्यांतून पसरतात. माणसाला त्यांचा धोका नाही.

तेव्हा दोघांसाठी मागची पडवी जाळीने बंद करा. कौलारू घर कोंडता येत नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. भिंतीचं शिर आणि वासे यांच्यामधून मांजर आरामात बाहेर पडतं. ती फट घरभर बुजवत बसण्यात अर्थ नाही. रात्री झोपायला स्लॅबची किंवा छत मारलेली एक खोली आणि दिवसा पडवी, एवढी जागा दोन मांजरांना पुरते.

जाळी कुठली? समुद्राच्या इतक्या जवळ साधी गॅल्व्हनाइज्ड तार खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजते, आणि गंजलेली तुटकी टोकं डोळ्यात जातात. बंदरावर मिळणारं ट्रॉलरचं जुनं, पीळ दिलेल्या सुताचं प्लॅस्टिकचं जाळं सर्वांत उत्तम. तंगुसाचं, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याचं, मुळीच घेऊ नका. ते बारीक आणि कडक असतं, पाय अडकला की मांजर झटके देत राहतं आणि कातडी कापली जाते. आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, विचारून घ्या. मासेमार आस ताणून मोजतात, त्यामुळे ४० मिलिमीटरची आस म्हणजे प्रत्यक्षात २० मिलिमीटर बाजूचा चौकोन. मोठ्या मांजराला ६० ची आससुद्धा चालेल. पण तुमच्याकडे मनीची पिल्लंही त्या जाळीत येणार आहेत (का ते पुढे येईल), म्हणून ४० चीच घ्या. आणल्यावर दोन रात्री गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी बदला, कडक उन्हात वाळवा. हे टाळलंत तर माशाच्या वासाने मांजरं जाळं कुरतडत बसतील आणि महिन्यात भोक पाडतील.

मोजमापाचा अंदाज: पडवी १४ फूट लांब, ६ फूट रुंद, वळचणीकडे ६ फूट उंच धरली तर तीन उघड्या बाजूंना १५६ चौरस फूट आणि माथ्याला ८४. माथा विसरू नका. वाशांवरून मांजर कौलाच्या टोकाशी जातं आणि सैल कौल डोक्याने उचलतं. झाले २४० चौरस फूट. जाळं ताणून बसवायचं नसतं, म्हणून तिसरा हिस्सा जास्त, ३२० धरा. काठाच्या आसांतून दोरी ओवून घ्या, ती दोरी पोफळीच्या रिपांना दर सहा इंचांवर बांधा आणि रिपा खांबांना ठोका. तळाची रीप जमिनीला घट्ट टेकली पाहिजे. दोन इंच फट राहिली की मांजर आधी डोकं घालतं, मग खांदे सोडवत बाकीचं अंग. खालचे दोन फूट बाहेरून स्टीलची बारीक मच्छरजाळी लावा. ती मांजरासाठी नाही, आसेतून आत येऊ पाहणाऱ्या फुरशासाठी आहे. याच कारणाने पावसाळ्याची बेगमी म्हणून रचलेला लाकूडफाटा आणि शेणी जाळीच्या आत ठेवायच्या नाहीत, जाळीला लागूनही नाहीत.

दार दुहेरी करा. पहिलं दार उघडायचं, आत येऊन लावायचं, मगच दुसरं. मधे तीन फूट जागा पुरते. मांजरं पळतात ती जाळं फाडून कमी, आणि कुणी दोन्ही हातांत बादल्या घेऊन पायाने दार ढकललं त्या क्षणी जास्त.

पुढे उघड्या परसात असंच कुंपण वाढवायची हौस आली तर दसऱ्यानंतर. जागा माडाखाली निवडू नका. झावळ पडली तरी माथ्याचं जाळं जातं, नारळ पडला तर खालचं मांजरही. वानरांची टोळी येत असेल तर आठवड्यातून एकदा सगळ्या गाठी हाताने चाचपा.

पहिले तीन आठवडे दोघं खोलीतच. प्रवास, नवे वास, कोंबड्यांचा आवाज; एवढ्यात पडवी दाखवली तर ती कपाटामागे जाऊन बसतील आणि खाणं सोडतील. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट पाहायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. जाड मांजरांच्या यकृताला उपास सोसत नाही. चौथ्या आठवड्यापासून रोज सकाळी तासभर पडवी, उपाशी पोटी. आत बोलावताना डबा वाजवायचा आणि लगेच खायला द्यायचं. डब्याचा आवाज म्हणजे जेवण हे पक्कं झालं की एखाद्या दिवशी निसटलं तरी तोच आवाज कामाला येतो. निसटलंच तर वाडीभर हाका मारत फिरू नका. घरातलं मांजर सुटलं की पहिले दोन-तीन दिवस जवळच दबून बसतं. रात्री सामसूम झाली की बॅटरी घेऊन गोठा, मांगर, शेजाऱ्यांचे माळे पाहा, डोळे चमकतात. मायक्रोचिप असेल, पण ती वाचायचं यंत्र वाडीत कुणाकडे असणार? गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा.

घमेल्याचं. तिकडची चिकणमाती इथे मागवणं महागात पडेल. भाताचा तूस गिरणीत मिळतो, त्याचा तीन इंचांचा थर द्या. तो गठ्ठा होत नाही, म्हणून शी रोज काढायची आणि दर दोन दिवसांनी सगळाच बदलायचा. जुना तूस खड्ड्यात पुरा, भाजीच्या आळ्यात नको. एकदम बदललंत तर मांजरं गादीवर जातील. पहिले चार दिवस जुन्या मातीत पाव हिस्सा तूस, मग अर्धा, मग पाऊण. समुद्राची वाळू घेऊ नका, मिठामुळे ती पावसाळी हवेतली ओल धरून कायम दमट राहते. दोन मांजरांना तीन घमेली: एक झोपायच्या खोलीत, बाकीची पडवीच्या टोकाला (पहिले तीन आठवडे तिन्ही खोलीत), स्वयंपाकघर व देवघर यांच्यापासून लांब. ही एक गोष्ट सासूबाईंना विचारून ठरवा. जागा त्यांनी दाखवली की अर्धं भांडण तिथेच मिटेल. घरात कुणी गरोदर असेल तर तिने घमेल्याला हात लावू नये. टोक्सोप्लाझ्मा या जंतूची अंडी शीमध्ये असली तरी बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव.

खाण्यात सासूबाईंचं प्रेम जरा आवरावं लागेल. बांगड्याची डोकी नि तारली रोज दिली तर अशा तेलकट माशाने मांजराच्या अंगातली चरबी सुजते, पोटाला हात लावला तरी ओरडतं. आठवड्यातून दोनदा, शिजवून, काटे काढून द्या. सुकट-बोंबील खारट, ते नकोच. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. रापणीवर लोक केंड मासा वाळूत फेकून देतात, तो कुठल्याच मांजराच्या तोंडाला लागता कामा नये, त्याच्या विषावर उतारा नाही. आणि बोक्यावर लक्ष ठेवा: तो घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, पण शू होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कोरडे दाणे आणि कमी पाणी यांनी बोक्यांची नळी तुंबते, एक-दोन दिवसांत जीव जातो. दाण्यांवर कोमट पाणी ओता.

आता मनी. ती मोकळीच राहू दे, दिवसा. रात्री मात्र घरात. हे वाटतं तेवढं अवघड नाही. सध्या तिला दिवसभर काही ना काही मिळत असेल. ते कमी करा आणि मोठं जेवण दिवेलागणीच्या आधी, साडेपाच-सहाला, एकाच जागी द्या. खाऊन झालं की दार लावा. (कौलांखालच्या फटीतून कधी निसटलीच तर तेवढं सोडून द्या.) आठवड्याभरात ती वेळेवर येऊन बसेल. रात्री उंदीर पकडायला तिला माळा आणि कणगीची खोली मोकळी ठेवा, म्हणजे ‘मांजराने काम सोडलं’ ही तक्रारही येणार नाही.

तिच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा असेल तर तो आजच कापा. दोरा तुटत नाही. फांदीत अडकला तर फास बसतो, आणि चाटताना पुढचा पाय त्यात गेला तर काखेत रुतून जखम होते, ती महिनोन्महिने भरत नाही. ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा घ्या, आत दोन बोटं जातील इतका सैल. त्याला घुंगरू लावलंत तर दयाळ आणि सातभाईची काही पिल्लं वाचतील. सासूबाईंना दृष्टीची काळजी असेल तर पट्टा काळा आणा.

आंब्याची फवारणी हा मोकळ्या मांजराचा असा शत्रू आहे ज्याचं नाव कुणी घेत नाही. पालवी-मोहोराच्या दिवसांत हापूसच्या बागांत डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन अशी औषधं मारतात. माणसाला किंवा कुत्र्याला जेवढी झेपतात तेवढी मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. ओल्या गवतातून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. थरथर, लाळ, मान झटकणं सुरू झालं तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि डॉक्टर गाठा. तोंडातून काही पाजू नका. आसपास फवारणी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मनीही जाळीत. याच घराण्यातलं पर्मेथ्रिन कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या औषधात असतं. ‘कुत्र्याचं आहे, थोडं लावू’ म्हणून मांजराच्या मानेवर टाकलेले चार थेंब तिचा जीव घेतात. काळ्या पावडरीचं उंदरांचं औषध घरात असेल तर मांजर ठेवण्यात काही अर्थ उरत नाही, दोनांपैकी एक निवडा.

विहीर बिनकठड्याची असेल तर काथ्याचा जाड दोर किंवा उरलेल्या जाळ्याची पट्टी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. मांजर पोहतं, पण गुळगुळीत चिऱ्यावर चढू शकत नाही.

लसी: मनीला रेबीजची आणि मांजरांची तिहेरी, दोन्ही टोचून घ्या, तिहेरीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. तुमच्या दोघांच्या लसींच्या तारखा तपासा, आणि मनीची लस होऊन पंधरा दिवस जाईपर्यंत तिन्हींना एका ताटलीत खाऊ देऊ नका. मांजराने माणसाला ओरबाडलं, रक्त आलं, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरचं मांजर आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

राहिली पिल्लं. बंदरावर मासळी मिळते, तेव्हा ती जगतील, असं लोक मनाला समजावतात. दीड महिन्याच्या पिल्लाला तिथे कुत्री आणि कावळे मासळीच्या आधी गाठतात. पाळलेलं जनावर असं विनाकारण सोडून देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे, पण घरात कायदा काढू नका. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, असं मानणाऱ्या पिढीला पोत्याची गोष्ट मनातून रुचत नाहीच. दुसरी वाट कुणी दाखवलेली नसते, म्हणून ती चालते.

वाट अशी. मांजरी सुमारे ६३ ते ६५ दिवसांत व्यायते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. ‘दूध सुटलं की करू’ म्हणेपर्यंत पुढची वेत पोटात असते. म्हणून आत्ता पिल्लं असतील तर त्यांच्यासकट तिला जाळीच्या पडवीत आणा, पण तुमची दोघं तेवढे दिवस खोलीत ठेवा. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की मनीचं ऑपरेशन, आणि त्यांचं चार ते सहा महिन्यांची झाल्यावर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून मांजराचं करतात का, कुठल्या वारी करतात, हे विचारा. सगळीकडे भूल देण्याची सोय नसते, चिपळूण किंवा रत्नागिरी गाठावी लागेल. आदल्या रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. नेताना पोतं नको, भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट एकमेकांवर पालथे घालून दोरीने आवळा, आत जुनी साडी अंथरा. भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक छाटून घ्यायला सांगा, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा धरून नेणार नाही.

टाके भरेपर्यंत दहा दिवस मनीला बाहेर सोडता येणार नाही. ती ओरडेल, पहिल्या दोन रात्री फारच. तेव्हा तिच्याजवळ बसायला सासूबाईच लागतील, दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही. जाळीच्या आत त्यांच्यासाठी एक पाट आधीच ठेवा.